‘अ‍ॅटॉमिक ट्रेन’मधल्यासारखी गाडी खरंच सुटते का?

प्रश्न असा आहे: १९९९ च्या ‘अ‍ॅटॉमिक ट्रेन’ या अमेरिकी टीव्ही सिनेमात दाखवलंय तसे चालत्या गाडीचे ब्रेक जाऊ शकतात का, गेले तर ती थांबवता येते का, आणि अशाच धर्तीचे आणखी सिनेमे कोणते?

शेवटच्या भागाचं उत्तर माझ्याकडून फारसं मिळणार नाही. मी सिनेमावाला नाही. रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन खात्यात मालगाड्या तपासण्यात उभी नोकरी गेली, टीएक्सआर, म्हणजे ट्रेन एक्झामिनर, म्हणून निवृत्त झालो. पण हा एक सिनेमा मी पाहिलाय आणि त्यावरून आमच्या नात्यात जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. म्हणून लिहितोय.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एनबीसीने मे १९९९ मध्ये दोन रात्रींत दाखवलेला हा सिनेमा. मे महिना म्हणजे तिकडे प्रेक्षक मोजायचा हंगाम, त्यामुळे जे मोठं, जळणारं, फुटणारं असेल ते चॅनलवाले तेव्हा बाहेर काढतात. मालगाडी रॉकी पर्वतातून डेन्व्हरकडे उतरतेय, ब्रेक गेलेत, डब्यांत घातक रसायनं आणि त्यातच चोरून चढवलेला रशियन अणुबॉम्ब. रॉब लो हा एनटीएसबीचा, म्हणजे अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी संस्थेचा माणूस. खरी एनटीएसबीची माणसं अपघात झाल्यावर येतात, मोजमापं घेतात आणि महिनोन्‌महिने कागद चाळतात. इथे साहेब चालत्या गाडीवर. शेवटी गाडी घसरते, आग लागते, हेलिकॉप्टर पाणी ओततं, ते सोडियमवर पडतं आणि बॉम्ब उडतो. सोडियमवर पाणी पडलं की भडका उडतो हे शाळेतलं पोरगंही सांगेल. पण अणुबॉम्ब आगीने तसा फुटत नसतो. आतला गाभा चहूबाजूंनी एकाच क्षणी दाबला जावा लागतो. नुसत्या आगीत पडला तर परिसरात विष पसरेल, शहर उडणार नाही. एनबीसीनेही दाखवण्याआधी संवादांतला ‘अणुकचरा’ काढून ‘घातक कचरा’ केला आणि ही कथा काल्पनिक असल्याची पाटी लावली. ती पाटी ब्रेकच्या प्रसंगांनाही लावायला हवी होती.

एक मात्र त्यांनी बरोबर पकडलं, उतार. डेन्व्हरच्या पश्चिमेला मोफॅट बोगदा आहे, १९२८ सालचा. तिथून शहराकडे रूळ उतरतात ते २ टक्क्यांनी, म्हणजे ५० मीटर पुढे गेलात की १ मीटर खाली. मालगाडीसाठी हा भयंकर उतार आहे. आपला बोरघाट आणि कसाऱ्याचा थळघाट मात्र ३७ ला १. त्याहून खडा! हे मी अभिमानाने सांगतो, आणि आपण सिनेमे न काढता गेली दीडशे वर्षं तिथून गाड्या उतरवतोय हेही.

पुण्याहून मुंबईला जाताना मंकी हिलला किंवा ठाकूरवाडीला गाडी कारण नसताना थांबते, तुम्ही अनुभवलं असेल. ‘माकडं बघायला थांबवतात काय?’ असं विचारणारा एक तरी प्रवासी डब्यात असतोच. आमचे साडूही त्यातलेच. तिथे कॅच सायडिंग आहे. पॉइंट, म्हणजे गाडीचा रूळ बदलणारा सांधा, एरवी तिकडेच लावलेला असतो. गाडी थांबली, म्हणजे ताब्यात आहे हे सिद्ध झालं, की मगच तिला पुढचा रस्ता देतात. नाही थांबली तर ती आपोआप चढावरच्या त्या आडमार्गाला लागते आणि तिथे तिचा जोर जिरतो. यात कुणी छतावरून उडी मारत नाही, त्यामुळे कॅमेऱ्याला काही मिळत नाही.

आता ब्रेकचं. एअर ब्रेक उलट्या न्यायाने चालतो हे तुम्हाला माहीत असेलच: पाइपात हवा भरलेली असते तेव्हा ब्रेक सुटलेले, हवा गेली की लागलेले, कारण मग डब्याखालच्या टाकीत साठवलेली हवा ते दाबते. पाइप तुटला, डबे सुटले, कुणी साखळी ओढली, तर ब्रेक लागणार. त्यामुळे ‘ब्रेकची नळी तुटली आणि गाडी सुसाट सुटली’ असं सिनेमात दिसलं की खुशाल हसा. नळी तुटली तर गाडी जागीच अडून बसते आणि कंट्रोलचे, म्हणजे गाड्यांची वाहतूक चालवणाऱ्या ऑफिसचे, फोन खणखणायला लागतात.

मग गाडी सुटते कशी? माणसामुळे. आणि बहुतेक वेळा गाडी उभी असताना.

दोन डब्यांमधल्या होज पाइपच्या दोन्ही टोकांना अँगल कॉक, म्हणजे हवेची झडप, असतो. दांडी पाइपाच्या रेषेत असली तर उघडा, आडवी असली तर बंद. एवढीशी ती दांडी, तळहाताएवढी. गाडीच्या मध्यावर कुठेतरी ती आडवी राहिली तर ड्रायव्हर पुढे कितीही ब्रेक मारो, मागच्या डब्यांना पत्ताच लागत नाही. आणि यातली खरी लबाडी अशी की मागच्या पाइपात आधीची हवा कोंडलेली राहते. गार्डाच्या डब्यातल्या गेजवर प्रेशर छान दिसतं. सगळं आलबेल!

हेच माझ्यासमोर घडलं. एका घाटाच्या माथ्यावरचं यार्ड. नाव सांगत नाही, संबंधित मंडळी पेन्शन खातायत, सुखाने खावोत. पावसाळा, रात्रपाळी संपत आलेली. बॉक्सएन वाघिणींचा, म्हणजे उघड्या मालडब्यांचा, भरलेला रेक (अख्खी जोडलेली गाडी), ५८ वाघिणी, सगळा मिळून चार हजार सातशे टनांच्या घरात, आणि पुढे उतार. आदल्या स्टेशनात त्यातली एक वाघीण हॉट अ‍ॅक्सल म्हणून, म्हणजे चाकाचा आस तापला म्हणून, काढून तिच्या जागी दुसरी लावली होती. गाडी अशी मध्ये तोडून जोडली की ब्रेकची तपासणी पुन्हा व्हायला हवी. कागदावर झालेली होती.

मागे गार्डाच्या डब्यात गेलो. गेजवर ४.८. जसं हवं तसं. वॉकीटॉकीवर ड्रायव्हरला म्हटलं, प्रेशर पाड, म्हणजे ब्रेक लाव. तो म्हणाला, पाडलं. माझ्यासमोरचा काटा ४.८ वरच. पुन्हा पाडायला सांगितलं. काटा ढिम्म. गार्ड म्हणाला, गेज अडकलं असेल. मी गेजवर टिचकी मारली, काटा थरथरला आणि परत तिथेच येऊन बसला. गेज ठीक होतं.

मग बॅटरी आणि हातोडी घेऊन चालत निघालो. तपासणारा माणूस वाघिणीच्या बाजूने चालतो तेव्हा तो डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त काम करतो. ब्रेक लागताना सिलिंडरचा पिस्टन बाहेर येतो, ब्लॉक चाकाला भिडतात, एक ‘ठक्‌’ येतो. मागून निघालो तर वाघीणमागून वाघीण गप्प. पिस्टन आत, ब्लॉक आणि चाक यांच्यातून बॅटरीचा उजेड आरपार जातोय. पाऊस, खाली चिखल आणि खडी, आणि अर्ध्याहून जास्त गाडी ब्रेकशिवाय. नवी वाघीण जोडली होती तिथे पोचलो. होज पाइप व्यवस्थित जोडलेला. दांडी आडवी.

मी ती सरळ केली. सूंऽऽ करून हवा धावली.

दांडी फिरवायला वेळ लागत नाही. पुढे पूर्ण रेक हवेने चार्ज करायचा, पुन्हा पाडायचं, दोन्ही बाजूंनी चालत एकेक पिस्टन बघायचा, मग सोडायचं, सगळे ब्लॉक सुटलेत का ते बघायचं, आणि मग ब्रेक पॉवर सर्टिफिकेटवर सही. भरलेल्या रेकला यात किती वेळ जातो ते या खात्यातल्या कुणालाही विचारा. तेवढ्यात कंट्रोलचा फोन: रेक का उभा? मग एका साहेबांचा: मागे प्रेशर आलंय ना, मग सही करा आणि सोडा. मी म्हटलं, साहेब, प्रेशर आलेलं मघाशीही होतं. ते म्हणाले, शहाणपणा नको. मी म्हटलं, मग तुम्ही या आणि सही करा. ते आले नाहीत. रेक मी पूर्ण तपासूनच सोडला. आठवड्याने माझ्या हातात खुलासा मागणारं पत्र पडलं, गाडी विनाकारण रोखल्याबद्दल.

त्या दिवशी सकाळी पुण्यात साडूंच्या मुलीचा साखरपुडा होता. बदलीचा माणूस आला होता, पण अर्धवट तपासलेला रेक दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा नसतो. मी कार्यालयात पोचलो तेव्हा आचारी भांडी आवरत होते. आमची ही बोलली नाही. साडू बोलले: “एका सहीसाठी, साडूभाऊ? मारायची आणि निघायचं!” सगळ्यांसमोर. मी वाढलेलं ताट खाली मान घालून संपवलं.

पुढे काही वर्षांनी त्यांच्याकडे गणपतीला गेलो असताना त्यांच्या मुलाने या सिनेमाची सीडी लावली. हिरो गाडीवर चढला तसे साडू माझ्याकडे वळून म्हणाले, “याला म्हणतात रेल्वेचा माणूस! नाहीतर तुम्ही, कागद घेऊन फिरता.” मोदक समोर होते म्हणून मी तेव्हा काही बोललो नाही. आता बोलतो, त्यांना ही साइट माहीत आहे.

साडूसाहेब, कागदाचंच सांगतो. १२ मे १९८९, कॅलिफोर्नियातला कॅहोन घाट. ट्रोना नावाच्या खनिजाने भरलेली मालगाडी सॅन बर्नार्डिनोकडे उतरत होती. कागदावर वजनाची जागा मोकळी होती, कारकुनाने अंदाजाने डब्यामागे ६० टन माल धरला. होता १०० टनांच्या आसपास. ड्रायव्हरने ब्रेकचा हिशोब त्या कागदावरून केला. वर काही इंजिनांचे डायनॅमिक ब्रेक (इंजिनाच्या मोटरीच उलट वापरून गाडी रोखणारे) धड चालत नव्हते आणि त्याची पूर्ण खबर त्याला नव्हती. मागच्या इंजिनातल्या माणसाने घाबरून इमर्जन्सी ब्रेक मारला, त्याने उरलेसुरले डायनॅमिक ब्रेकही सुटले. गाडी वळणावर उडून डफी स्ट्रीटच्या घरांवर पडली. कर्मचारी दोन, घरातली मुलं दोन, असे चार जण गेले. रुळांशेजारून पेट्रोलची पाइपलाइन जात होती. ती १३ दिवसांनी फुटून आणखी दोघे गेले. यात खलनायक कोण? रिकामी सोडलेली एक चौकट.

आणि ती आडवी दांडी? २७ जून १९८८, पॅरिसचं गार द लियों स्टेशन. लोकलमध्ये एका बाईने साखळी ओढली. ती पूर्ववत करताना ड्रायव्हरकडून ब्रेक पाइपचा कॉक बंद झाला. ब्रेक जाम झालेत असं समजून त्याने मागच्या डब्यांच्या ब्रेकमधली हवा सोडून ते मोकळे केले, आणि उशीर भरून काढायला मधलं स्टेशनही गाळायला त्याला सांगण्यात आलं. उतारावरून ती गाडी जमिनीखालच्या फलाटावर उभ्या असलेल्या भरगच्च लोकलवर गेली. ५६ माणसं. उभ्या गाडीचा ड्रायव्हर मात्र केबिनमधून हलला नाही, माइकवरून लोकांना उतरा, पळा सांगत राहिला आणि त्यातच गेला. माझ्या मते हिरो शोधायचाच असेल तर तो तिथे आहे. पण त्या क्षणाला फार उशीर झाला होता. त्याच्या आधी कुणीतरी गाडी नुसती उभी ठेवायला हवी होती.

कॅनडातल्या लाक-मेगांतिकचं ६ जुलै २०१३ चं तर सगळ्यांना आठवत असेल. कच्च्या तेलाचे ७२ टँकर रात्री उतारावर उभे करून ड्रायव्हर झोपायला गेला. हँडब्रेक सात लावलेले, तेवढे पुरेसे नव्हते. तपासून बघितले, पण इंजिनाचे एअर ब्रेक लागलेले असताना, म्हणजे परीक्षा झालीच नाही. इंजिनाला आग लागली, अग्निशामक दलाने ती विझवताना इंजिन बंद केलं, इंजिनाच्या ब्रेकमधली हवा हळूहळू गळाली आणि गाडी आपली आपण गावात उतरली. ४७ माणसं. इतकी वर्षं झाली, सात हा आकडा वाचला की माझं डोकं अजून तापतं. आपल्याकडेही २५ फेब्रुवारी २०२४ ला जम्मूतल्या कठुआहून खडीने भरलेली ५३ डब्यांची मालगाडी ड्रायव्हरशिवाय निघाली आणि सत्तरेक किलोमीटर लांब पंजाबात मुकेरियांजवळ कशीबशी थांबवली. माणूस मेला नाही, म्हणून दोन दिवस व्हिडिओ फिरले आणि विषय संपला.

तर, थांबवता येते का? सपाटीवर किंवा चढावर, होय. ओहायोत १५ मे २००१ ला ४७ डब्यांची गाडी ड्रायव्हरशिवाय ६६ मैल धावली. यार्डात शंटिंग चालू होतं, डब्यांचे एअर पाइप जोडलेलेच नव्हते. ड्रायव्हर पॉइंट बदलायला खाली उतरला, डायनॅमिक ब्रेक लावला अशा समजुतीत, आणि इंजिन पूर्ण जोरात ओढत होतं. दोन टँकरांत वितळलेलं फिनॉल, विषारी रसायन. गाडी घसरवायला रुळावर डिरेलर ठेवला, तो उडून गेला. पोलिसांनी इंधन बंद करायच्या बटणावर गोळ्या झाडल्या, काही झालं नाही. शेवटी दुसरं इंजिन मागून नेऊन चालत्या गाडीला जोडलं, त्याच्या ब्रेकने वेग तासाला ११ मैलांवर आणला आणि एक अनुभवी माणूस बाजूने पळत जाऊन इंजिनावर चढला. म्हणजे उडी मारण्याचा प्रसंग खऱ्यातही आहे, साडू, घ्या. फक्त माणसाच्या पळण्याच्या वेगाला.

भरलेली गाडी खड्या उतारावर एकदा वेगात आली की मात्र देवाचं नाव घ्या. म्हणून तर कॅच सायडिंग.

इथे काही गोष्टी जोडायला हव्यात, नाहीतर खात्यातलेच लोक खाली येऊन मला सोलतील. ब्रेक यंत्राच्या बाजूने कधीच कमी पडत नाहीत असं माझं म्हणणं नाही. लांब उतारावर ड्रायव्हर पुन्हापुन्हा ब्रेक लावत-सोडत राहिला तर डब्यांच्या टाक्यांत हवा भरायला वेळ मिळत नाही आणि हवा संपते. ब्लॉक तापून पकड जाते तीही खरी. म्हणून घाटात डायनॅमिक किंवा रिजनरेटिव्ह (तीच वीज तारेत परत देणाऱ्या) ब्रेकवर भिस्त असते, ते खेकडा म्हणायचे त्या जुन्या विजेच्या इंजिनांच्या काळापासून. दुसरं, माझी नोकरी मालगाड्यांवर गेली. हल्लीच्या एलएचबी, म्हणजे नव्या बनावटीच्या प्रवासी डब्यांबद्दल माझ्यापेक्षा आताची पोरं नीट सांगतील. आणि उशीर झालेल्या प्रत्येक गाडीमागे कुणी टीएक्सआर जीव वाचवत उभा असतो असंही नाही; निम्म्या वेळा निव्वळ गलथानपणा असतो.

सिनेमे म्हणाल तर एबीसीने १९७३ मध्ये ‘रनअवे!’ काढला होता, स्कीइंग करून डोंगरावरून परतणाऱ्यांची गाडी, तोही टीव्हीसाठीच. १९७९ चा ‘डिझास्टर ऑन द कोस्टलायनर’ त्याच चॅनलचा. बाकीची यादी दुसरं कुणीतरी देईल. ‘अ‍ॅटॉमिक ट्रेन’ पाहायचाच असेल तर बॉम्ब फुटेपर्यंतच पहा. पुढे गाडी नाही, नुसती पळापळ आहे.